पॅसिफिक किनाऱ्याने मोटरहोमचा प्रवास : आरव्ही पार्कमधले मुक्काम कसे आखावेत?

सहकारनगरकर

नमस्कार. येत्या जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी आणि माझी पत्नी मुलीकडे, सॅन फ्रान्सिस्कोजवळ, जाणार आहोत. मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात यांच्यासह आम्ही पाचजणांनी मोटरहोम, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यावे, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याने उत्तरेला ओरेगन राज्याच्या टोकापर्यंत जावे आणि वाटेत आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा गाड्या (आरव्ही) रात्री उभ्या करण्याच्या तळावर, मुक्काम करावा, असा बेत आहे. मोटरहोमचा आग्रह मुख्यतः स्वयंपाकासाठी आहे. आम्ही शाकाहारी आहोत, पत्नीला पथ्य सांभाळावे लागते आणि रोज बाहेरचे खाणे तिला मानवत नाही.

जावयांनी कच्चा आराखडा केला आहे. आधी दक्षिणेला उतरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा बिग सरचा प्रसिद्ध रस्ता पाहायचा, मग मागे फिरून किनाऱ्याकिनाऱ्याने ओरेगनच्या उत्तर टोकाच्या ॲस्टोरियापर्यंत जायचे आणि रोज नव्या ठिकाणी थांबायचे. हातात जेमतेम दोन आठवडे आहेत. मला हा आराखडा धावपळीचा वाटतो, परंतु तिकडचा अनुभव नसल्यामुळे ठामपणे सांगता येत नाही. आरव्ही पार्क निवडताना काय पाहावे, सरकारी उद्यानातली जागा चांगली की खासगी पार्क, आरक्षण किती आधी करावे लागते आणि वीज, पाणी व सांडपाणी यांची व्यवस्था नेमकी कशी चालते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. ताम्हिणी आणि वरंध घाट माझ्या सवयीचे आहेत. मात्र पंचवीस फुटांची गाडी, तीही रस्त्याच्या उजव्या बाजूने, मी कधी चालवलेली नाही.

मुक्कामपोस्ट_बाणेर

आपली शंका रास्त आहे. पुण्याला परतण्यापूर्वी आम्ही पोर्टलंडला राहत होतो आणि तो किनारा आमच्या नेहमीच्या जाण्यायेण्याचा होता, त्या आधाराने लिहिते. मोटरहोमच्या प्रवासात गाडी किती चालली यापेक्षा ती कुठे आणि किती वेळ उभी राहिली, यावर सगळा आनंद अवलंबून असतो. रोज मुक्काम हलवायचा म्हटले की सकाळी वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या काढणे, ओट्यावरची प्रत्येक वस्तू कपाटात बंद करणे, दिवसभर चालवणे आणि संध्याकाळी तेच सारे उलट क्रमाने करणे यातच माणसे थकून जातात. समुद्र मग काचेतूनच दिसतो. दोन आठवड्यांत तीन किंवा चार ठिकाणे घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी तीन रात्री काढाव्यात, असे मी सुचवेन.

बिग सर या फेरीतून वगळावे. रस्ता अप्रतिम आहे, यात वाद नाही. परंतु एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये दोन अरुंद मार्गिका अशा त्या वाटेवर पहिल्याच दिवशी भाड्याची मोठी गाडी घालण्यात शहाणपण नाही. शिवाय दरडी कोसळून तो रस्ता वारंवार बंद पडतो. २०१७ मध्ये मड क्रीक येथे डोंगरच समुद्रात घसरला, तेव्हा तो भाग २०१८ च्या जुलैपर्यंत बंद होता. तिथल्या फायफर बिग सर उद्यानात मोटरहोमच्या लांबीला ३२ फुटांची मर्यादा आहे आणि वीज-पाण्याची जोडणी अजिबात मिळत नाही. रस्त्याच्या कडेला रात्रभर गाडी लावण्यासही मनाई आहे. मुलीच्या साध्या गाडीने एका दिवसात जाऊन या.

उत्तरेकडच्या वाटेबद्दलही एक गैरसमज सर्रास आढळतो. नकाशावर १०१ क्रमांकाचा महामार्ग पाहून तो सगळा समुद्राकाठाने जातो असे वाटते. प्रत्यक्षात सॅन फ्रान्सिस्को ते युरेका हा सुमारे ४३० किलोमीटरचा टप्पा बहुतांशी आतल्या भागातून, सँटा रोझा आणि युकायावरून जातो. काठाने जाणारा रस्ता म्हणजे एक क्रमांकाचा महामार्ग. तो इतका वळणावळणाचा आहे की मोटरहोममध्ये मागे बसलेल्यांना उलट्यांचा त्रास होण्याची शक्यता अधिक. आपण १०१ धरावा. त्यात नुकसान काहीच नाही, कारण युरेकाच्या अलीकडे त्या रस्त्याला समांतर असा ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स नावाचा सुमारे ५० किलोमीटरचा जुना रस्ता रेडवूडच्या जंगलातून जातो. कोस्ट रेडवूड ही जगातली सर्वांत उंच वाढणारी झाडे आहेत. त्यांपैकी काही १०० मीटरच्याही वर जातात, आणि सात वर्षांच्या मुलीला त्यांच्या बुंध्याशी उभे करण्यासाठी अर्धा दिवस खर्ची पडला तरी तो सार्थकी लागेल.

खरा समुद्र ओरेगनची हद्द ओलांडली की सुरू होतो. १९६७ मध्ये त्या राज्याने केलेल्या कायद्यामुळे तिथली सारी पुळण लोकांना खुली आहे. कोणाही हॉटेलवाल्याला किंवा बंगलेवाल्याला किनारा अडवता येत नाही. त्यामुळे पार्क अगदी पाण्याला लागून नसले तरी बिघडत नाही, थोडे चालले की आपण वाळूवर पोहोचतो. मी आपल्या जागी असते तर ब्रुकिंग्जजवळचे हॅरिस बीच, फ्लॉरेन्सजवळचे हनीमन आणि न्यूपोर्टजवळचे साउथ बीच ही तीन राज्य उद्याने निवडली असती. हॅरिस बीचला पाण्यात उभे असलेले प्रचंड खडक आणि ओहोटीत उघडी पडणारी डबकी आहेत, ज्यांत तारामासे आणि समुद्रफुले दिसतात. हनीमनला वाळूच्या टेकड्या आणि गोड्या पाण्याची दोन तळी आहेत. नातीला पोहायचे असेल तर तिथेच पोहू द्यावे, कारण पॅसिफिकचे पाणी जुलैतही अंग बधिर करणारे असते. न्यूपोर्टला मत्स्यालय आहे, १८७३ पासूनचे याक्विना हेडचे दीपगृह आहे आणि जवळच डेपो बे येथून उन्हाळ्यातही करडे देवमासे दिसू शकतात. त्यापुढे ॲस्टोरियापर्यंत जाण्याचा हट्ट सोडावा. न्यूपोर्टहून परत फिरले तरी येऊन-जाऊन दोन हजार किलोमीटरच्या आसपास होतात.

आरक्षणाबद्दल आता घाई करावी लागेल. कॅलिफोर्निया आणि ओरेगन या दोन्ही राज्यांतली उद्याने सहा महिने आधी आरक्षण उघडतात आणि जुलैतल्या चांगल्या जागा लगोलग संपतात. कॅलिफोर्नियाचे आरक्षण तिथल्या सकाळी आठ वाजता उघडते, म्हणजे जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. जावई कामात असतील तर पुण्यातून आपणही जेवण उरकून हे करू शकता. ओरेगनमध्ये परराज्यातून येणाऱ्या आरव्हींकडून जागेचे जादा भाडे घेतले जाते, हे हिशेबात धरावे. तरीही खासगी पार्कपेक्षा ते सहसा कमीच पडते.

खासगी पार्कला मी नावे ठेवत नाही. कपडे धुण्याची यंत्रे, तिन्ही जोडण्या आणि उशिराही मिळणारी जागा, हे त्यांचे गुण आहेत. मात्र पुष्कळ ठिकाणी गाड्या मंगल कार्यालयाच्या वाहनतळावर लावाव्यात तशा एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि शेजारच्यांचा दूरदर्शन संच आपल्याला ऐकू येतो. राज्य उद्यानात दोन जागांमध्ये झाडी असते, प्रत्येक जागेला स्वतःचे लाकडी मेज आणि शेकोटीचे कडे असते. दोन उद्यानांच्या मध्ये एक रात्र खासगी पार्कमध्ये काढून कपडे धुऊन घ्यावेत, इतपतच मी त्यांचा उपयोग करीन.

विद्युत_पर्वती

वरील प्रतिसादात जागांचे उत्तम विवेचन झाले आहे. वीज, पाणी आणि सांडपाणी हा भाग मी घेतो, कारण भाड्याने गाडी देणारे अर्ध्या तासात सगळे दाखवून मोकळे होतात आणि नवख्या माणसाच्या त्यातले निम्मेही लक्षात राहत नाही.

जागेचे वर्णन वाचताना ‘फुल हुकअप’ असे दिसले तर वीज, पिण्याचे पाणी आणि सांडपाण्याची नळी या तिन्ही जोडण्या तुमच्या जागेवरच आहेत असे समजावे. नुसते ‘इलेक्ट्रिकल’ असेल तर वीज आणि बहुधा पाणी मिळते, परंतु टाक्या रिकाम्या करण्यासाठी उद्यानातल्या डंप स्टेशनवर गाडी न्यावी लागते. साउथ बीच या दुसऱ्या प्रकारात मोडते, हॅरिस बीच आणि हनीमन येथे दोन्ही प्रकारच्या जागा आहेत. पाचजणांसाठी माझा सल्ला असा की किमान एका मुक्कामी तरी फुल हुकअप घ्यावे. भाड्याच्या गाडीत ताज्या पाण्याची टाकी साधारणपणे दीडशे लीटरची असते. पुण्यात एका माणसाच्या आंघोळीला आणि कपड्यांना लागणारे पाणी लक्षात घेतले तर हे प्रमाण किती तुटपुंजे आहे ते कळेल. ओरेगनच्या राज्य उद्यानांत गरम पाण्याची स्वच्छ स्नानगृहे असतात आणि त्यांचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून आंघोळी तिथेच कराव्यात आणि गाडीतले पाणी स्वयंपाकासाठी राखावे.

सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. शौचालयाचे पाणी ब्लॅक टँकमध्ये जाते आणि मोरी-बेसिनचे ग्रे टँकमध्ये. फुल हुकअपवर नळी कायम जोडलेली असते म्हणून अनेकजण ब्लॅक टँकची झडप उघडीच ठेवतात. तसे अजिबात करू नये. झडप उघडी राहिली की द्रव भाग वाहून जातो, घन भाग तळाशी साचून घट्ट बसतो आणि पुढे तो निघता निघत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत झडप बंद ठेवावी. रिकामी करताना आधी ब्लॅक आणि नंतर ग्रे हा क्रम पाळावा, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे जाड घ्यावेत. हे काम जावयांकडे सोपवण्याचा सासऱ्यांचा हक्क मी मान्य करतो, परंतु क्रम तुम्हालाही पाठ असू द्यावा.

विजेचे गणित सोपे आहे, पण ते न केल्यामुळे रात्री अंधार होतो. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते. भाड्याच्या मोटरहोमला बहुधा ३० अँपिअरची जोडणी लागते, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ३,६०० वॉट. त्यात वातानुकूलन यंत्र एकटेच दीड हजार वॉटच्या आसपास खाते, चहाची विजेची किटलीही तेवढीच आणि मायक्रोवेव्हही त्याच घरातला. तिन्ही एकदम चालू केली की खटका पडणार. ओरेगनच्या किनाऱ्यावर वातानुकूलनाची गरज भासत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात अडचण येऊ नये. आपला घरचा मिक्सर किंवा इंडक्शनची शेगडी मात्र नेऊ नये. ती २३० व्होल्टवर चालणारी उपकरणे आहेत आणि प्लगचा अडॅप्टर लावला म्हणून व्होल्टेज बदलत नाही. तिथल्या भारतीय दुकानांत ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात, मुलीकडे तो असेलच. प्रेशर कुकर खुशाल न्या, गाडीतली शेगडी प्रोपेन वायूवर चालते.

त्या शेगडीच्या डोक्यावरच धुराचा इशारा देणारे यंत्र बसवलेले असते. जिरे-मोहरीची आणि विशेषतः लाल मिरचीची फोडणी त्याला सहन होत नाही. छतातला पंखा आधी चालू करून खिडकी उघडावी, नाही तर फोडणी बाहेरच्या मेजावर लहान गॅस-शेगडीवर करावी. यंत्राची बॅटरी काढून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. वायू आणि ज्योत असलेल्या बंद गाडीत झोपायचे असताना हा वेडेपणा आहे. इंधन भरण्यासाठी पंपावर शिरण्यापूर्वी प्रोपेनवर चालणारी सारी उपकरणे बंद करावीत, हेही तितकेच महत्त्वाचे.

फ्रिजबद्दल एक सूचना. पुष्कळ मोटरहोममध्ये शोषण तत्त्वावर चालणारा फ्रिज असतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनियाचे द्रावण गुरुत्वाकर्षणाने फिरते. गाडी एका बाजूला कललेली राहिली तर ते अभिसरण अडते, दही-दूध खराब होते आणि फ्रिजही बिघडू शकतो. म्हणून जागेवर गाडी लावल्यावर चाकांखाली प्लॅस्टिकचे ठोकळे घालून ती समतल करून घेणे हे पहिले काम समजावे.

औंधकर

मी थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल राग नसावा. मोटरहोमचा विचार करणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना मोटरहोमची गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच माणसांची मोठी गाडी एका लीटरला जेमतेम चार किलोमीटर जाते. दोन हजार किलोमीटरचे पाचशे लीटर पेट्रोल झाले. त्याशिवाय दिवसाचे भाडे, मैलामागे वेगळा आकार, जनरेटर चालवल्यास तासाचा आकार, विमा आणि वर रोजचे पार्कचे भाडे. एवढे करून जवळच्या गावात भाजी आणायला जायचे म्हटले तरी सगळे घर उचलून न्यावे लागते, कारण मागे जोडलेली छोटी गाडी भाड्याच्या मोटरहोमबरोबर सहसा मिळत नाही.

ओरेगनच्या याच राज्य उद्यानांत यर्ट नावाचे गोल, कापडी भिंतींचे तंबू-घर भाड्याने मिळते. आत पलंग, दिवे आणि उष्णता देणारे यंत्र असते, सर्वसाधारणपणे पाच माणसे झोपू शकतात. मुलीची गाडी आणि यर्ट एवढ्यात तोच समुद्र, तीच झाडी आणि तेच लाकडी मेज मिळते. यर्टच्या आत स्वयंपाकाला परवानगी नसते हे मला मान्य आहे, परंतु बाहेर मेजावर दोन शेगड्या मांडून भात-आमटी-भाजी सहज होते. काकूंच्या पथ्याचे जेवण मोटरहोमच्या चिंचोळ्या ओट्यापेक्षा तिथे अधिक मोकळेपणाने करता येईल.

यर्टचे आरक्षणही सहा महिने आधीच संपते, त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा.

मुक्कामपोस्ट_बाणेर

औंधकरांचा खर्चाचा मुद्दा बिनतोड आहे. तरी एक गोष्ट नमूद करते. जुलैत सारी अमेरिका उन्हाने भाजत असताना त्या किनाऱ्यावर सकाळी दाट धुके आणि तापमान पंधरा अंशांच्या आसपास असू शकते. उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि खोल समुद्रातले थंड पाणी वर येते, त्याचा हा परिणाम आहे. वाराही जोरदार असतो. अशा हवेत बाहेरच्या मेजावर रोज तीन वेळा स्वयंपाक करणे साठीच्या पुढच्या गृहिणीला कितपत सोयीचे होईल, याचा विचार व्हावा. पथ्य हेच जर मुख्य कारण असेल तर आतला ओटा चिंचोळा असला तरी त्याचे मोल आहे. आणि गाडी कोणतीही असो, स्वेटर आणि कानटोप्या पुण्याहूनच न्याव्यात. महाबळेश्वरच्या डिसेंबरसाठी जे कपडे काढता तेच.

सहकारनगरकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी चर्चा झाली. पत्नीने यर्टची कल्पना ऐकून घेतली आणि वारा व थंडीचा मुद्दा ऐकल्यावर मोटरहोमच्या बाजूने मत दिले. बिग सर आणि ॲस्टोरिया दोन्ही वगळले आहेत. जावई ॲस्टोरियासाठी थोडे नाराज आहेत, पण ऐकतील.

दोन प्रश्न उरतात. माझा महाराष्ट्राचा परवाना तिथे चालेल का, आणि चालत असल्यास एवढ्या वजनाच्या गाडीला तो पुरेल का? शिवाय जाण्यापूर्वी इथे एखादी कॅरव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात रंगीत तालीम करणे उपयोगी ठरेल का?

कोकणवाट

परवान्याबद्दल निश्चिंत राहावे. कॅलिफोर्नियात पर्यटक म्हणून आलेल्या प्रौढ व्यक्तीला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते आणि महाराष्ट्राच्या स्मार्ट कार्डावर मजकूर इंग्रजीत असतोच. तरीही आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना जवळ असावा, कारण भाड्याने देणारी कंपनी तो मागू शकते. सारथी संकेतस्थळावर नमुना ४-अ भरून, संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयाच्या नावे अर्ज करता येतो. तो एक वर्ष चालतो, म्हणून फार आधीही काढू नये. मे महिना योग्य होईल. वजनाचे म्हणाल तर आपल्याकडील हलक्या मोटार वाहनाची मर्यादा ७,५०० किलो आहे आणि भाड्याने मिळणाऱ्या नेहमीच्या ‘क्लास सी’ (मध्यम आकाराच्या) मोटरहोमचे कमाल भारित वजन ६,६०० किलोच्या आसपास असते. कॅलिफोर्नियाच्या साध्या परवान्यावरही ४० फुटांपर्यंतचे मोटरहोम चालवता येते, त्यामुळे जावयांनाही वेगळे काही काढावे लागणार नाही. आपण दोघांची नावे चालक म्हणून करारात नोंदवून घ्यावीत. नाव नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर विमा हात वर करतो.

विम्याचा कागद वाचताना छताचे आणि गाडीच्या खालच्या भागाचे नुकसान त्यात धरले आहे का, हे आवर्जून पाहावे. बहुधा ते वगळलेले असते. या गाड्यांची उंची सुमारे १२ फूट असते. घाटात गाडी चालवण्याचा आपला अनुभव वळणांसाठी आणि उतारावर खालचा गिअर धरण्यासाठी कामी येईल, परंतु डोक्यावर काय आहे ते पाहण्याची सवय आपल्याला मोटार चालवताना लागलेली नसते. पंपाचे छत, खाद्यगृहाच्या खिडकीवरची कमान, उद्यानातल्या झाडाची आडवी फांदी ही तिन्ही ठिकाणे भाडेकरूंच्या खिशाला चाट लावतात. उंचीचा आकडा फूट आणि इंचांत कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावा. मागे घेताना एक माणूस खाली उतरून मागच्या कोपऱ्यात उभा राहिलाच पाहिजे, मग मागे कॅमेरा असो वा नसो. वळताना मागचा भाग विरुद्ध बाजूला बाहेर फेकला जातो, तेव्हा पंपाच्या खांबाला खेटून उभे राहून एकदम चाक वळवू नये.

दोन मार्गिकांच्या रस्त्यावर आपल्या मागे पाच किंवा अधिक वाहने अडली तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार पुढच्या सोयीच्या जागी बाजूला होऊन त्यांना वाट द्यावी लागते. तिथे हॉर्न वाजवून कोणी आठवण करून देत नाही, आपणच आरशात पाहत राहावे. किनाऱ्यावर त्सुनामीच्या वेळी कोणत्या रस्त्याने उंचावर जायचे ते दाखवणारे निळे फलक लागलेले असतात. वाटेत लागणाऱ्या क्रेसेंट सिटीला १९६४ मध्ये अलास्काच्या भूकंपानंतर त्सुनामीचा तडाखा बसला होता. मुक्कामी पोहोचल्यावर तो रस्ता सर्वांनी एकदा पाहून ठेवावा, म्हणजे झाले.

आता रंगीत तालमीविषयी. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि चालकासह कॅरव्हॅन भाड्याने मिळू लागल्या आहेत. तरी तिथल्यासारखे आरव्ही पार्कांचे जाळे कोकणात नाही. रेवस ते रेडी या सागरी मार्गावर एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणात गाडी लावता येते, यजमान वीज आणि विहिरीचे पाणी देतात आणि रात्रीच्या जेवणात मोदकही वाढतात. मात्र मैल्याची टाकी रिकामी करण्याची सोय शोधावी लागते आणि वाटेतल्या खाड्या ओलांडण्यासाठी आगरदांडा–दिघी किंवा दाभोळ–धोपावे अशा फेरीबोटींवर गाडीची लांबी आधी फोनवर सांगून खात्री करावी लागते. चालवण्याचा सराव तर होणारच नाही, कारण चाक चालकाच्या हातात असेल आणि रस्त्याची बाजूही डावीच असेल. राहण्याचा सराव मात्र उत्तम होतो. मर्यादित पाण्यात भांडी घासणे, पाच माणसांचे सामान चार कपाटांत बसवणे, एकाने अंथरूण घालताना बाकीच्यांनी बाहेर थांबणे, हे सारे हरिहरेश्वर किंवा गुहागरच्या दोन रात्रींत कळून येते. काकूंना ओटा झेपतो की नाही, तेही तिथेच ठरेल. शक्य असेल तर फेब्रुवारीत जाऊन यावे. मे महिन्याची गर्दी आणि घाम यांत कोणतीच गाडी आवडत नाही.

सहकारनगरकर

अत्यंत उपयुक्त माहिती. फेब्रुवारीत गुहागरला जाण्याचे ठरवत आहोत. शेवटचे एकच विचारतो. कंपनी २५ फुटी आणि ३० फुटी अशा दोन गाड्या देऊ करते. पाचजणांसाठी कोणती घ्यावी?

विद्युत_पर्वती

कागदावर २५ फुटी गाडीतही पाचजण झोपतात, पण त्यासाठी रोज रात्री जेवणाचे मेज मोडून पलंग करावा लागतो आणि सकाळी पहिला उठणारा बाकीच्यांना उठवतो. काकू पहाटे चहा करणार असतील तर ३० फुटीच घ्यावी. चालवायला ती फारशी वेगळी वाटत नाही, फक्त मागे घेताना जपावे लागते.

मुक्कामपोस्ट_बाणेर

सहमत. मात्र ३० फुटी घेतल्यास आरक्षणाच्या पानावर प्रत्येक जागेची लांबी दिलेली असते ती तपासूनच जागा निवडा, कारण जुन्या उद्यानांत काही जागा लहान गाड्यांच्या काळातल्या आहेत. ज्या जागेत सरळ पुढून शिरून पुढूनच बाहेर पडता येते ती ‘पुल-थ्रू’ जागा मिळाल्यास पहिल्या मुक्कामासाठी घ्यावी. आणि विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. जुलैत तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, दुपारी दोन वाजता डोळे मिटू लागतात. तीन-चार दिवस मुलीकडे झोप जुळवून घ्या, तोवर जावयांनी शिधा भरून ठेवावा. तूरडाळ, गूळ आणि गोडा मसाला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातच घ्या. एकदा ओरेगनच्या किनाऱ्याला लागलात की त्या छोट्या गावांत भारतीय दुकान सापडणे कठीण आहे.